अनुदानाची अट

२० मार्च २०२७ ही महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शंभरी. शताब्दी आली की समित्या नेमल्या जातात, आराखडे मंजूर होतात, निधी जाहीर होतो. महाडलाही निधी मिळायलाच हवा. पण तो कशासाठी मागायचा, कोणाच्या हातून खर्च व्हायचा आणि खर्च झाल्यावर त्या गावात काय टिकून राहायला हवे, हे आधी ठरवले पाहिजे. हा प्रश्न एकट्या महाडचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी जोडलेल्या प्रत्येक जागेवर जो सरकारी पैसा आजवर लागला आणि यापुढे लागेल, त्या सगळ्याचा आहे.

सत्याग्रहाच्या आधी जे घडले, त्यात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो ठराव सांगत होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणा अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. मग ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे, अशी शिफारस त्यात होती.

या दोन ठरावांत एक फार मोठा विचार आहे. ज्या जागेवर सर्वांचा पैसा लागतो, त्या जागेवर सर्वांचा हक्क असतो; आणि हा हक्क जो नाकारतो, त्याला सर्वांचा पैसा मागता येत नाही. महाडला जमलेल्या माणसांनी १९२७ मध्ये हाच हक्क आपल्या ओंजळीने बजावला. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात तो कायमचा लिहिला गेला. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखल्या जाणाऱ्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला आडकाठी करता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. संविधानातले हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला त्यात चवदार तळे दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे: बाबासाहेबांच्या स्मृतिस्थळांसाठी सरकारने पैसा दिलाच पाहिजे, आणि तो अटी घालून दिला पाहिजे. पहिली अट, जे आहे ते आधी जपायचे, नवे त्यानंतर बांधायचे. दुसरी अट, ती जागा ज्यांची आहे त्या लोकांना विचारल्याशिवाय तिथे फावडे पडता कामा नये. आज या दोन्ही अटी जवळपास कुठेच घातल्या जात नाहीत, आणि त्याचे परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यक्रमांतून ‘पंचतीर्थ’ हा शब्द रूढ झाला. महूची जन्मभूमी, लंडनमधले शिक्षणाच्या काळातले घर, नागपूरची दीक्षाभूमी, दिल्लीतले महापरिनिर्वाण स्थळ आणि मुंबईची चैत्यभूमी ही ती पाच ठिकाणे. प्रत्येकाचे महत्त्व वादातीत आहे. पण यादी नीट पाहा. जन्म, शिक्षण, धम्मदीक्षा, निर्वाण, अंत्यसंस्कार. एका महापुरुषाचे चरित्र या पाच मुक्कामांत बसते, पण त्याने उभी केलेली चळवळ त्यात बसत नाही. महाड या यादीत नाही. जिथे २ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला ते नाशिकचे काळाराम मंदिर नाही. जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली ते येवले नाही. जिथे बाबासाहेब वीसएक वर्षे राहिले ती परळची बीआयटी चाळही नाही. जन्माच्या आणि मृत्यूच्या जागेला हात जोडता येतात. संघर्षाची जागा मात्र प्रश्न विचारते: इथे कोणी कोणाला अडवले होते, आणि का? सरकारच्या मानचित्रावर संघर्षाच्या जागा ठळक व्हायच्या असतील, तर ती मागणी लोकांनाच लावून धरावी लागेल.

या पाचांपैकी काही ठिकाणी काय बांधले गेले तेही पाहण्यासारखे आहे. महूला लष्करी छावणीत बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार यांच्या बिऱ्हाडाच्या जागी संगमरवरी स्मारक उभे आहे. दिल्लीत २६, अलीपूर रोडवर, जिथे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी अखेरचा श्वास घेतला, तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराची नवी इमारत २०१८ मध्ये खुली झाली. मुंबईत चैत्यभूमीलगतच्या इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवर साडेतीनशे फूट उंचीचा पुतळा आणि त्याखाली शंभर फुटांचा चौथरा उभारण्याचे काम २०१५ च्या भूमिपूजनानंतर सुरू झाले. त्या प्रकल्पाचा मंजूर खर्च २०२० मध्ये सुमारे १,०९० कोटी रुपयांवर गेला.

हा पैसा वाया गेला असे मी मुळीच म्हणत नाही. इंदू मिलची जागा सरकारने आपणहून दिलेली नाही. २०११ च्या डिसेंबरात कार्यकर्ते गिरणीच्या आवारात शिरले, तिथे ठाण मांडून बसले, तेव्हा ती मागणी ऐरणीवर आली. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखो माणसे येतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या चावडीसमोरून चपला घालून चालण्याची मुभा नव्हती. देशाच्या आर्थिक राजधानीच्या समुद्रकिनाऱ्यावर आपल्या माणसाची मूर्ती आभाळाला भिडलेली पाहावी, ही त्यांची इच्छा स्वाभिमानाची आहे. चौकाचौकांतले निळ्या कोटातले पुतळे लोकांनी वर्गणी काढून उभे केले. त्या पुतळ्यांनी सार्वजनिक जागेवरचा हक्क सांगितला, आणि तो सांगताना किती वस्त्यांनी मार खाल्ला हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुतळ्याला नाके मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही.

पण पुतळ्याची उंची आणि चाळीतली खोली हे दोन वेगवेगळे वारसे आहेत, आणि एकाला पैसा दिला म्हणून दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही. पुतळा उद्याही उभारता येईल, शंभर वर्षांनीही येईल. बीआयटी चाळ पडली की ती पुन्हा उभी राहणार नाही.

त्या चाळीकडे थोडे थांबून पाहू. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि कामगारांसाठी त्याने चाळी बांधल्या. परळच्या चाळ क्रमांक १ मधल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब राहत होते. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथून शिकून परतलेला हा विद्वान याच खोल्यांत परतला. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. मूकनायक, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, हा सगळा काळ या पत्त्यावरचा आहे. पत्नी रमाबाईंनी संसाराची ओढाताण इथेच सोसली. गिरणगावातल्या इतर हजारो खोल्यांसारखीच ती खोली आहे, हेच तिचे मोल आहे. साडेतीनशे फुटांचा पुतळा पाहून मूल म्हणेल, केवढे थोर होते. ती खोली पाहून तेच मूल विचारेल, एवढ्याशा जागेत त्यांनी एवढा अभ्यास कसा केला? या दुसऱ्या प्रश्नातून माणूस घडतो.

चाळीत आजही माणसे राहतात, म्हणून तिचा प्रश्न नाजूक आहे. वारसा जपायचा म्हणून रहिवाशांनी गळकी छपरे आणि सामाईक संडास सोसत राहावे, असे कोणी सांगू लागला तर ते बाबासाहेबांच्या विचारालाच धरून होणार नाही. रहिवाशांचा चांगल्या घराचा हक्क आधी. मात्र पुनर्विकासाच्या आराखड्यातच त्या दोन खोल्या, त्यांपुढची गॅलरी आणि जिना मूळ रूपात राखण्याची तरतूद करता येते, आणि त्यापायी जो जादा खर्च येईल तो भरून काढण्यासाठीच अनुदान असते. अनुदानाचे खरे काम हे: वारसा जपण्याचा भार गरिबावर पडू न देणे.

जतनाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचा धडा मुंबईने २०१६ मध्ये घेतला. २५ जूनच्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले. त्याच आवारात बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होता, ज्याच्या खिळ्यांतून चळवळीची नियतकालिके निघाली. इमारत जुनी आणि धोकादायक झाली होती, तिथे नवी भव्य वास्तू उभारायची होती, असे ती पाडणाऱ्या ट्रस्टचे म्हणणे होते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की इतिहासच जमीनदोस्त केला. पुढच्या महिन्यात मुंबईत मोठा मोर्चा निघाला. दोन्ही बाजूंना आंबेडकरी चळवळीतलीच माणसे होती. या वादात कोण किती बरोबर हे मी इथे ठरवत नाही. मला एवढेच दिसते की ती इमारत पाडण्याआधी कोणाची परवानगी घेणे सक्तीचे आहे हे सांगणारी यंत्रणा परिणामकारक नव्हती. दुरुस्तीसाठी वेळेवर अनुदान मिळाले असते आणि त्यासोबत पाडकामाला मनाई करणारा करार झाला असता, तर ती पहाट उगवलीच नसती.

वस्तू आणि कागद यांची गत याहून वेगळी नाही. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी जमवलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत: कोट, टोप्या, लेखनसाहित्य, टंकलेखन यंत्र. कापडाला ओल आणि कसर लागते. त्या वस्तूंवर रासायनिक प्रक्रिया करून त्या वाचवण्याची वेळ आली, ती इतक्या वर्षांनी. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद असलेले रजिस्टर आजही आहे, कारण त्या शाळेने, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलने, ते सांभाळले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली आणि वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, हे आपल्या राज्याचे खरोखर अभिमानास्पद काम. त्याच प्रकल्पासाठी घेतलेला कागद गोदामात पडून असल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुतळ्याच्या कामाला उशीर झाला की विधानसभेत गदारोळ होतो. ग्रंथ छापले गेले नाहीत तर दाद मागायला न्यायालयच उरते.

असे का होते? केवळ राज्यकर्त्यांच्या हेतूला दोष देऊन भागणार नाही. सरकारी पैशाची घडणच उभारणीला अनुकूल आहे. नव्या बांधकामाला भांडवली तरतूद मिळते, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, भूमिपूजन होते, लोकार्पण होते. प्रत्येक टप्प्यावर दाखवण्यासारखे काहीतरी असते. छपराची गळती काढणे, वाळवीवर औषध मारणे, रजिस्टरची पाने दुरुस्त करणे, रखवालदाराचा आणि ग्रंथपालाचा पगार देणे, हा सगळा दरवर्षीचा महसुली खर्च. त्याचे लोकार्पण होत नाही, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी काटकसर करायची वेळ आली की कात्री प्रथम त्याच्यावर चालते. शिवाय केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात प्राचीन स्मारक होण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय लागते. विसाव्या शतकातल्या समतेच्या लढ्याच्या बहुतेक जागा या अटीत बसत नाहीत. राजांचे किल्ले बसतात, देवळे बसतात. संविधानाच्या ४९व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके, जागा आणि वस्तू जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. त्या ‘जागा’ या शब्दात गिरणी कामगाराची खोली आणि छापखाना येतो की नाही, हे ठरवण्याची वेळ आली आहे.

या बाबतीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा अनुभव उपयोगी आहे. तिथला लढा आणि इथला लढा यांचे नाते जुने आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा स्मृतिस्थळांच्या बाबतीतही एकमेकांकडे पाहण्यात वावगे काही नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांचे अटलांटातले जन्मघर आणि त्याभोवतीचा परिसर १९८० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाला. त्यांनी जिथे प्रवचने दिली ते एबेनेझर चर्च १९६० च्या दशकात जसे दिसत होते तसे दुरुस्त करण्यात आले. तिथे नवे भव्य चर्चही बांधले गेले, पण रस्त्याच्या पलीकडे. जुने पाडून नव्हे. मग २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नागरी हक्क लढ्याच्या जागांसाठी वेगळी अनुदान योजना मंजूर केली. ती नॅशनल पार्क सर्व्हिस चालवते. पैसा येतो ऐतिहासिक जतन निधीतून, आणि त्या निधीत भर पडते ती समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्खननाच्या महसुलातून. पहिल्या फेरीत, जानेवारी २०१७ मध्ये, ३९ प्रकल्पांना मिळून सुमारे साडेसत्त्याहत्तर लाख डॉलर दिले गेले. १९६३ च्या बॉम्बस्फोटात जिथे चार मुली मारल्या गेल्या ते बर्मिंगहॅमचे सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च त्यांत होते.

या योजनेत शिकण्यासारखे तीन मुद्दे आहेत. पैसा एका मोठ्या स्मारकाला न जाता अनेक लहान जागांमध्ये विभागला जातो: चर्च, मोटेल, शाळा, घरे. अर्ज शहरे, राज्ये आणि सेवाभावी संस्था करू शकतात, म्हणजे जागा सरकारने ताब्यात घेतलीच पाहिजे असे नाही. आणि पैशाबरोबर बंधन येते: दुरुस्ती जतनशास्त्राच्या मानकांनुसारच करायची, आणि पुढे ठरावीक वर्षे ती वास्तू पाडायची किंवा बिघडवायची नाही, असा करार मालकाला करावा लागतो. इमारतींशिवाय सर्वेक्षण, दस्तऐवजीकरण आणि लढ्यात भाग घेतलेल्यांच्या मौखिक इतिहासालाही त्यातून निधी मिळतो. या योजनेला मर्यादाही आहेत. तिचा पैसा दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून असतो, आणि सत्ताधाऱ्यांचे मन बदलले की हात आखडतो. म्हणून आपण तिची नक्कल करू नये. तिचे तत्त्व घ्यावे. ते तत्त्व बोल्यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या तत्त्वाच्या फार जवळचे आहे: सर्वांचा पैसा घ्यायचा तर सर्वांप्रति बांधील राहायचे.

अमेरिकेतलाच एक आक्षेप पाहू, कारण तो सर्वांत प्रखर आहे. किंग यांची हत्या ज्या मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये ४ एप्रिल १९६८ रोजी झाली, ते १९८२ मध्ये लिलावातून स्थानिक प्रतिष्ठानने वाचवले. सरकारी पैशाच्या आधाराने १९९१ मध्ये तिथे नागरी हक्क संग्रहालय उघडले. त्यासाठी १९८८ मध्ये तिथल्या शेवटच्या भाडेकरूला बाहेर काढावे लागले. ती स्त्री त्यानंतर अनेक वर्षे समोरच्या फुटपाथवर निदर्शने करत बसली. तिचे म्हणणे असे की, किंग गरिबांसाठी मेले. हा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च व्हायला हवा होता. आपल्याकडेही हे ऐकू येते. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहांची दुरवस्था आहे, आणि स्मारकांवर कोटी-कोटी खर्च होतात.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मला तो मोठ्या बांधकामांच्या बाबतीत बऱ्याच अंशी मान्य आहे. जतनाच्या बाबतीत मात्र तो लागू होत नाही. जुनी जागा राखायला तुलनेने थोडा पैसा लागतो. १,०९० कोटींचा एक टक्का म्हणजे अकरा कोटींच्या आत. एवढा पैसा दरवर्षी राज्यातल्या लहान-मोठ्या स्थळांच्या दुरुस्तीसाठी, कागदपत्रांच्या जतनासाठी आणि तिथे काम करणाऱ्यांच्या पगारासाठी राखून ठेवला, तर कोणत्याही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती त्यामुळे अडणार नाही. उलट नीट राखलेली जागा हीच शिक्षणाची जागा होते. आणि ज्या समाजाला शतकानुशतके आपला इतिहास लिहू दिला नाही, त्याच्या बाबतीत कागद आणि वास्तू जपणे ही चैन मानता येणार नाही. किल्ल्यांची, राजवाड्यांची बखरीत नोंद आहे. बीआयटी चाळीतल्या खोलीची नोंद ती खोलीच आहे.

आता दुसऱ्या अटीकडे, म्हणजे लोकांना विचारण्याकडे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे नागपूरची दीक्षाभूमी जगभरच्या बौद्धांना प्रिय आहे. तिच्या विकासासाठी सरकारने सुमारे दोनशे कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात भूमिगत पार्किंग होते. खोदकामामुळे स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका पोहोचेल, अशी भीती लोकांच्या मनात वाढत गेली. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तिथे जमले, बांधकामाची नासधूस झाली, आणि सरकारने त्या कामाला स्थगिती दिली. नासधुशीचे समर्थन कोणी करू नये. पण ज्या जागेवर लोक अनवाणी येतात, तिथे एवढे खोदकाम करण्याआधी त्यांच्याशी उघड चर्चा झाली असती, नकाशे मराठी-हिंदीत लावले असते, हरकती मागवल्या असत्या, तर संतापाला तोंड फुटले नसते. गर्दीच्या दिवशी वाहने कुठे लावायची, हा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर लोकांबरोबर शोधायला हवे होते.

इथे ‘लोक’ म्हणजे कोण, हाही प्रश्न येतो. स्मारक समित्यांत पदे असतात, गट असतात, पक्ष असतात. समितीने होकार दिला म्हणजे समाजाने होकार दिला असे होत नाही. म्हणून सुनावणी खुली हवी, आराखडा आणि अंदाजपत्रक सार्वजनिक हवे, आणि आक्षेपांना लेखी उत्तर देणे बंधनकारक हवे. सरकारला यात थोडा वेळ जास्त लागेल. पण जी चळवळ सार्वजनिक जागेवर सर्वांचा हक्क सांगत उभी राहिली, तिच्याच जागेचा निर्णय चार भिंतींआड व्हावा, ही विसंगती सहन करण्यापेक्षा उशीर परवडला.

महाडसाठी मग काय मागायचे? माझ्या मते, आधी १९२७ चा नकाशा मागायचा. मार्चमध्ये परिषद कुठे भरली, लोक कोणत्या वाटेने तळ्यावर गेले, परतताना त्यांच्यावर हल्ले कुठे झाले, १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ कोणत्या काठावर केली गेली. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी दिलेली जागा कोणती, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली ते ठिकाण कोणते. या जागा गावात खुणा करून, मजकूर लिहून दाखवता येतील. त्यासाठी काँक्रीटपेक्षा संशोधन जास्त लागेल. परिषदेसाठी गावोगाव हिंडणारे रामचंद्र बाबाजी मोरे, नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, आणि पायी चालत आलेली, ज्यांची नावे इतिहासात आली नाहीत अशी कोकणातली बाया-माणसे, या सर्वांच्या घराण्यांतल्या आठवणी नोंदवायला हव्यात. ज्यांनी वडिलांच्या, आजोबांच्या तोंडून हे ऐकले ती पिढीही आता वृद्ध आहे. शताब्दीच्या निधीचा पहिला रुपया या कामावर लागावा.

त्याच्या जोडीला न्यायालयातला लढा आहे. तळे खासगी आहे असा दावा सवर्णांनी लावला. तो दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला; अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी होती, हे वादींना सिद्ध करता आले नाही. खटल्यात रूढीबरोबर तळ्याच्या मालकीचा आणि सार्वजनिकतेचा प्रश्नही होता. त्या खटल्याची कागदपत्रे, नगरपालिकेचे ठराव, कायदेमंडळातली चर्चा हे सारे एकत्र करून, त्याच्या प्रती महाडमध्ये कोणालाही मोफत वाचता येतील असे केले, तर शाळेतल्या मुलांना नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मिळणार नाही. आणि महाडला सावित्री नदीचा पूर येतो, २०२१ मध्ये सगळ्या गावाने तो भोगला आहे. तेव्हा कागद आणि पुस्तके कुठे आणि किती उंचीवर ठेवायची, याचा विचार इमारतीच्या शोभेआधी व्हावा.

राज्यासाठी यापुढची मागणी कायद्याची आहे. समतेच्या लढ्याच्या जागांसाठी वयाची अट नसलेली स्वतंत्र यादी हवी. तीत बाबासाहेबांच्या जागांबरोबर महात्मा फुले आणि सावित्रीबाईंच्या, शाहू महाराजांच्या, सत्यशोधकांच्या, गिरणी कामगारांच्या जागाही याव्यात. त्या यादीतल्या वास्तूला, मग ती खासगी असो, ट्रस्टची असो वा पालिकेची, दुरुस्तीचे अनुदान मागता यावे, आणि अनुदान घेणाऱ्याने ती न पाडण्याचा, लोकांना ठरावीक दिवशी आत येऊ देण्याचा, हिशेब जाहीर करण्याचा करार करावा. नव्या स्मारकाला मंजुरी देतानाच त्याच विषयाशी जोडलेल्या जुन्या जागांच्या दरवर्षीच्या देखभालीसाठी ठरावीक वाटा बाजूला काढण्याची सक्ती असावी. आणि त्या जागेवर काम करणाऱ्याला, मग तो रखवालदार असो, संग्रहपाल असो किंवा झाडलोट करणारी बाई असो, कंत्राटदाराच्या मर्जीवर न ठेवता नियमित पगार मिळावा. कामगारांच्या हक्कांसाठी लढलेल्या माणसाच्या स्मारकात कामगाराचा पगार थकणे, यापेक्षा मोठी अप्रतिष्ठा दुसरी नाही.

शेवटी एक गोष्ट सरकारला नव्हे, आपल्याला सांगायची आहे. निधीची घोषणा झाली की आपण टाळ्या वाजवतो आणि आकडा लक्षात ठेवतो. यापुढे आकड्याबरोबर चार प्रश्न विचारू या: या पैशातून कोणती जुनी जागा वाचणार आहे? ती जागा ज्यांची आहे त्यांना विचारले का? पुढच्या वर्षीच्या देखभालीची तरतूद कुठे आहे? हिशेब कोणाला पाहता येईल? नगरपालिकेच्या सभेत, ग्रामसभेत, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, माहिती अधिकाराच्या अर्जात हे प्रश्न वारंवार आले, तर कोणत्याही पक्षाच्या सरकारला त्यांची उत्तरे द्यावी लागतील. अनुदानाची अट कायदेमंडळाने लिहायची असते, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारे डोळे आपले असावे लागतात. १९२४ चा ठराव तीन वर्षे कागदावर पडून राहिला होता. तो खरा केला तो महाडला चालत गेलेल्या माणसांनी.